जुन्या स्पोर्ट्स गाड्या आणि स्कॅनर : कोड निघाल्यावर पुढे काय?

साखरपेठकर

इथे पुन्हा पुन्हा एकच प्रकार दिसतो. चेक लाइट लागला, कुणीतरी स्कॅनर लावला, कोड निघाला, कोडच्या नावात जो सेन्सर आला तो बदलला आणि आठवड्याने लाइट परत हजर. १९९५ ते २००५ दरम्यानच्या स्पोर्ट्स गाड्यांचे पार्ट सोलापुरात काउंटरवर मिळत नाहीत. पुण्या-मुंबईहून किंवा बाहेरून मागवावे लागतात, पैसेही आधी भरावे लागतात. अंदाजाने पार्ट बदलणं इथे परवडत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

कोड ही इंजिनच्या संगणकाची तक्रार असते. "मिश्रण गरीब आहे", म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, एवढंच तो सांगतो (पेट्रोल जास्त असेल तर श्रीमंत). हवा जास्त शिरतेय, पेट्रोल कमी येतंय की मोजणारा सेन्सर चुकीचं मोजतोय, हे लाइव्ह डेटामधून (चालू गाडीत स्कॅनरवर दिसणारे सेन्सरचे आकडे) आपल्याला काढावं लागतं.

आधी सॉकेट. सोळा पिनचा सॉकेट आणि ओबीडी-२ (बिघाड वाचायची सगळ्या कंपन्यांना समान पद्धत) अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. आपल्याकडे बीएस-४ बरोबर एप्रिल २०१० ला ओबीडीचा पहिला टप्पा आला आणि एप्रिल २०१३ ला दुसरा. त्यामुळे २००३ ची भारतात विकलेली गाडी असेल तर सोळा पिनचा सॉकेट दिसला म्हणून सगळं वाचता येईल असं धरून चालू नका. काही गाड्यांत सॉकेट आहे पण त्यात कंपनीचीच भाषा चालते. काहींत इंजिनच्या खोलीत गोल सॉकेट असतो. जुन्या बीएमडब्ल्यूला वीस पिनचा, त्या काळातल्या मर्सिडीजला अडतीस पिनचा. आणि काहींत फक्त दोन तारांचा कपलर.

सॉकेटमध्ये स्कॅनर घालण्याआधी मल्टिमीटर लावा. १६ नंबरवर बॅटरीचं थेट व्होल्टेज हवं, ४ आणि ५ नंबरवर अर्थ. १६ वर काही नसेल तर फ्यूज बघा, बऱ्याच गाड्यांत तो लायटर किंवा स्टिरिओबरोबर एकत्र असतो. ७ नंबर म्हणजे के-लाइन, जुन्या युरोपियन आणि जपानी गाड्या बहुतेक त्याच तारेवर बोलतात. ६ आणि १४ वर पितळी पिना असतील तर कॅन, म्हणजे नव्या गाड्यांची वेगवान लाइन. २ आणि १० असतील तर गाडी बहुधा अमेरिकन घराण्यातली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: कोड वाचल्या वाचल्या पुसू नका. कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते. त्या क्षणी आरपीएम किती होता, इंजिन किती गरम होतं, लोड किती, गाडी किती वेगात होती, हे सगळं त्यात असतं. कोड पुसला की तेही जातं. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा आणि मगच पुढचं काम.

जुळे_सोलापूर_टर्बो

नमस्कार मालक. गाडी २००४ ची, १.८ टर्बो, वीस व्हॉल्व्ह. चेक लाइट लागलाय. ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर घेतला तो "कनेक्ट होत नाही" म्हणतो. दुसऱ्या स्कॅनरवर पी०१७१ (मिश्रण गरीब) निघाला. ३००० च्या पुढे पिकअप मरतो, स्लो स्पीड थोडा वरखाली होतो. मला एअर मास सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) बदलायला सांगितलंय. घेऊ का?

के_लाइन

थांबा, घेऊ नका. आधी स्कॅनर का जोडला जात नाही ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं काहीच करता येणार नाही.

बाजारात जे निळे-काळे छोटे ब्लूटूथ डोंगल मिळतात, त्यातल्या बऱ्याच नकली चिपमध्ये के-लाइनचा भाग अर्धवट असतो किंवा नसतोच. २०१० नंतरच्या कॅन असलेल्या गाडीवर ते व्यवस्थित चालतात, म्हणून विकणाऱ्याला वाटतं माल चांगला आहे. "२.१" लिहिलेले नकली डोंगल तर बहुतेक निकामीच. घ्यायचाच तर आयएसओ ९१४१-२ आणि केडब्ल्यूपी २००० (के-लाइनवरच्या दोन भाषा) नक्की चालतो अशी खात्री देणारा घ्या, आणि दुकानातच एखाद्या २००५ च्या आसपासच्या गाडीवर लावून बघा.

तुमच्या गाडीला मात्र त्याहून सरळ उपाय आहे. तुमचं १.८ टर्बो इंजिन फोक्सवॅगन घराण्याचं, आणि त्या घराण्याची त्या काळची भाषा केडब्ल्यूपी १२८१. साधे डोंगल ती बोलत नाहीत. त्यासाठी केकेएल केबल लागते, यूएसबीवाली, आणि लॅपटॉपवर त्या गाड्यांचं सॉफ्टवेअर. केबल घेताना आत एफटीडीआयची चिप असलेली बघा, दुसऱ्या स्वस्त चिपवर मधेच संपर्क तुटतो. सोबत सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये केबलचा योग्य कॉम पोर्ट निवडा आणि लॅपटॉपवर त्या पोर्टची लेटन्सी (उत्तराला लागणारा उशीर) कमी करा.

तरीही "कंट्रोलरकडून उत्तर नाही" आलं तर तुमचा स्टिरिओ बाहेरचा बसवलेला आहे का ते सांगा. या गाड्यांच्या मूळ स्टिरिओच्या कपलरमधून के-लाइनची तार जाते. बाहेरचा स्टिरिओ बसवताना तीच तार कशाला तरी जोडली जाते आणि सगळी लाइन बंद पडते. स्टिरिओ बाहेर काढा, मागचा पॉवरचा कपलर सोडवा, पुन्हा स्कॅन करा. जोडलं गेलं तर त्या एका तारेला वेगळं करून टेप लावा, बाकी काही नाही. स्कॅनर लावलेला असताना ७ नंबरवर बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज दिसायला हवं. शून्य असेल तर लाइन कुठेतरी अर्थ झालीय.

जुळे_सोलापूर_टर्बो

स्टिरिओ बाहेरचाच आहे. बघतो.

साखरपेठकर

जोडलं गेलं की हे आकडे काढून इथे टाका. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, दिवे बंद.

ग्रुप म्हणजे सॉफ्टवेअरमधलं आकड्यांचं नंबर दिलेलं पान. ग्रुप ०३२. पहिल्या रकान्यात स्लो स्पीडला संगणकाने पेट्रोलमध्ये केलेली दुरुस्ती, दुसऱ्यात चालत्या गाडीची. दोन्ही टक्क्यांत. धन म्हणजे संगणक पेट्रोल वाढवतोय, म्हणजे त्याला मिश्रण गरीब दिसतंय. ऋण म्हणजे उलट.

याचा अर्थ असा लावायचा. पहिला रकाना खूप धन आणि दुसरा ठीक असेल तर कुठूनतरी बाहेरची हवा शिरतेय. स्लो स्पीडला आत ओढणारी पोकळी जास्त आणि एकूण हवा कमी, म्हणून छोटं भोकसुद्धा मोठा फरक पाडतं. आरपीएम वाढला की तेवढीच हवा एकूण हवेत नगण्य होते. उलट पहिला ठीक आणि दुसरा धन असेल तर पेट्रोल पुरत नाहीये किंवा एअर मास सेन्सर कमी मोजतोय. दोन्ही सारखेच धन असतील तर पेट्रोलचा दाब आधी तपासा.

टर्बोमध्ये आणखी एक गुंता आहे, तो नीट समजून घ्या. टर्बो आणि थ्रॉटलच्या मधला पाइप फुटलेला असेल तर बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) असताना मोजून झालेली हवा बाहेर जाते. पेट्रोल मात्र पूर्ण हवेच्या हिशोबाने पडतं, म्हणून वरच्या आरपीएमला मिश्रण श्रीमंत होतं आणि काळा धूर येतो. थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डला भोक असेल तर स्लो स्पीडला गरीब. तुमच्याकडे पिकअप मरतो आणि स्लो स्पीडही वरखाली होतो, म्हणजे दोन वेगळे दोष असू शकतात. एका कोडमुळे दोन्ही एकच समजू नका.

पुढे ग्रुप ११५, मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, मिलिबारमध्ये. इंजिन बंद, चावी ऑन असताना मिळालेल्या बूस्टच्या जागी बाहेरच्या हवेचा दाब दिसतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथे ९५० ते ९६५ च्या आसपास यायला हवं. १०१३ दाखवत असेल किंवा ९०० च्या खाली असेल तर सेन्सरवरच संशय घ्या. परदेशी वेबसाइटवरचे आकडे समुद्रकाठच्या गावांचे असतात, ते इथे जसेच्या तसे लावू नका. ज्या गाड्यांत एमएपी सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) आहे त्यांनाही हेच लागू, इंजिन बंद असताना ९६ किलोपास्कलच्या जवळपास.

ग्रुप ००३ मध्ये एअर मास ग्रॅम प्रतिसेकंद दिसतो. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन ६००० पर्यंत नेलं की सगळ्यात मोठा आकडा साधारण अश्वशक्तीच्या ०.८ पट यायला हवा. १५० अश्वशक्तीच्या इंजिनला ११५ ते १२० ग्रॅम. तुम्हाला ८० च मिळाला तर दोन शक्यता: सेन्सर कमी मोजतोय, किंवा बूस्टच कमी आहे म्हणून हवाच कमी जातेय. म्हणून ००३ आणि ११५ दोन्ही सोबत बघायचे. बूस्ट मागितल्याएवढा मिळतोय आणि हवा कमी दिसतेय तरच सेन्सर दोषी. बूस्टच १०० मिलिबारपेक्षा जास्त मागे असेल तर सेन्सरला हात लावू नका.

तेल लावलेले धुता येणारे एअर फिल्टर वापरत असाल तर त्याचं तेल सेन्सरच्या तारेवर बसतं. एअर मास सेन्सरसाठीचाच क्लीनर फवारा, कापड लावू नका, पूर्ण सुकू द्या, मग पुन्हा मोजा.

टेस्टलॅम्प_काका

एक सोपी चाचणी सांगतो. एअर मास सेन्सरचा कपलर काढून गाडी चालवून बघायची. संगणक मग ठरावीक आकड्यांवर चालतो. कपलर काढल्यावर गाडी चांगली पळाली तर सेन्सरवर संशय पक्का. काहीच फरक पडला नाही तर एवढ्यावरून काही ठरवू नका. या चाचणीने नवा कोड पडतो, तो नंतर पुसायचा.

आणि कपलर काढताना लॉक आधी दाबा. वीस वर्षांचं प्लास्टिक आपल्या उन्हात बिस्किटासारखं तुटतं.

मोहोळ_फाटा

ट्रिमच्या, म्हणजे ०३२ मधल्या पेट्रोलच्या दुरुस्तीच्या, आकड्यांबद्दल एक मोठी गोष्ट कुणी लिहिली नाही. आता पंपावर मिळणारं साधं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला हवा आणि इंधनाचं प्रमाण १४.७ ला १, ई-२० ला ते साधारण १३.५ पर्यंत येतं. इथेनॉल थोडं जड असल्याने इंजेक्टरच्या हिशोबात फरक जरा कमी होतो. म्हणजे गाडीत काहीही बिघाड नसताना दुसऱ्या रकान्यात ६ ते ८ टक्के धन दिसू शकतं. जुन्या परदेशी पुस्तकात "५ च्या वर म्हणजे दोष" लिहिलंय ते त्या काळच्या पेट्रोलसाठी. आज इथे ७ दिसले म्हणून घाबरायचं नाही. १२-१५ दिसले तर मात्र शोधायचं.

इथेनॉलचा दुसरा परिणाम जुन्या रबरावर होतो. १९९० च्या दशकातले पेट्रोलचे होज आतून फुगतात, मऊ पडतात, त्याचे तुकडे फिल्टरमध्ये आणि इंजेक्टरच्या जाळीत अडकतात. पेट्रोल फिल्टर बदलला नसेल तर दाब मोजण्याआधी तो बदला. होज घेताना त्यावर इंजेक्शनसाठीचा आणि इथेनॉल चालणारा असं छापलेलं बघा. कार्ब्युरेटरचा साधा होज तीन बारला टिकत नाही, क्लिपजवळून फाटतो आणि खाली गरम टर्बो असतो. इथे तडजोड नको.

रस्त्यावर लॉग काढायचा असेल तर सोबत दुसरा माणूस बसवा, लॅपटॉप त्याच्या मांडीवर. मोहोळच्या बाजूचा चार पदरी सपाट रस्ता सकाळी लवकर बरा पडतो. दुपारी ४२ अंशांत काढलेला लॉग आणि सकाळचा लॉग यांची तुलना करू नका, आत येणारी हवाच वेगळी असते. आणखी एक: के-लाइन सावकाश चालते. दहा आकडे एकदम निवडले तर दोन-दोन सेकंदांनी एक ओळ येते, त्यात पिकअपचा झटका दिसतच नाही. तीन-चारच निवडा.

साखरपेठकर

ई-२० चा मुद्दा बरोबर, आणि तो लक्षात न ठेवल्यानेच बरेच सेन्सर विनाकारण बदलले जातात.

त्यालाच जोडून: उन्हाळ्यात ग्रुप ०२० बघा. नॉक झाल्यावर (मिश्रण अवेळी पेटून ठोका बसल्यावर) संगणक प्रत्येक सिलिंडरचं इग्निशन किती अंश मागे घेतोय ते चार रकान्यांत दिसतं. चारही सारखेच मागे असतील तर पेट्रोल, गरम हवा किंवा इंटरकूलरमध्ये साचलेली धूळ. एकच मागे असेल तर त्या सिलिंडरचा प्लग, कार्बन किंवा इंजेक्टर.

बॉक्सर६

पोर्शची बॉक्सस्टर ९८६ किंवा ९११ ची ९९६ घेण्याच्या विचारात कुणी असेल तर स्कॅनरचा खरा उपयोग सौदा करण्याआधी होतो. साधा डोंगल पुरत नाही, कारण खालची माहिती कंपनीच्या भाषेत आहे. पीविस किंवा ड्युरामेट्रिक ही पोर्शसाठीची यंत्रं लागतात.

२००० नंतरच्या गाड्यांत ओव्हर-रेव्हचे, म्हणजे इंजिन मर्यादेबाहेर फिरल्याचे, दोन टप्पे दिसतात. पहिला टप्पा म्हणजे मर्यादेला टेकलेली इग्निशन. यात हजारोंचा आकडाही फार काही सांगत नाही, कारण सहा सिलिंडरमध्ये एका फेरीला तीन इग्निशन होतात आणि ७२०० आरपीएमला एका सेकंदात ३६०. दुसरा टप्पा वेगळा. इंजिन स्वतःच्या ताकदीने तिथे जाऊच शकत नाही, संगणक आधीच इग्निशन तोडतो. चौथ्यातून पाचव्याऐवजी तिसरा गिअर पडला की चाकांनी इंजिन ओढलं जातं आणि तिथे पोहोचतं. व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगला धोका इथे असतो.

पण नुसता आकडा वाचून सौदा मोडू नका. सोबत ती घटना इंजिनच्या कितव्या तासाला झाली ते लिहिलेलं असतं. एकूण तास आजचे २१००, दुसऱ्या टप्प्याची शेवटची घटना ६०० व्या तासाला, म्हणजे त्यानंतर इंजिन दीड हजार तास धडपणे चाललंय. तीच घटना २०९८ व्या तासाला असेल तर कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडरमधून दाब गळतो का ते बघणारी) चाचणीशिवाय पुढे जाऊ नका.

हे एकूण तास आणखी एका कामाला येतात. मीटरवरचे किलोमीटर भागिले तास, म्हणजे सरासरी वेग. हायवे आणि शहर मिळून ३५ ते ५० येतो. १५०० तास आणि मीटरवर ३०,००० किलोमीटर म्हणजे ताशी २०. गाडी कायम मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये असेल तर शक्य आहे, नाहीतर मीटर मागे फिरवलेलं आहे. विकणाऱ्याला तिथेच विचारा.

कॅमशाफ्टचं विचलनही बघा. गरम इंजिन, स्लो स्पीड, दोन्ही बँक (इंजिनच्या दोन बाजूंच्या सिलिंडरच्या रांगा). साधारण अधिक-उणे ६ अंशांच्या आत आणि स्थिर हवं. एक बँक ठीक आणि दुसरी दूर असेल किंवा आकडा सारखा सरकत असेल तर चेन आणि तिच्या पॅडची झीज धरून किंमत बोला.

टेस्टलॅम्प_काका

व्ही-६ किंवा बॉक्सरमध्ये दोन बँक असतात याचा फायदा सगळ्यांनी घ्या. दोन्ही बँक गरीब असतील तर दोष दोघांना समान असलेल्या ठिकाणी: एअर मास, पेट्रोलचा दाब, मुख्य होज. एकच बँक गरीब असेल तर त्या बाजूची गॅस्केट, इंजेक्टर किंवा ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सर पाइपला चीर. पाइपला चीर असली की धक्क्यांच्या मधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, संगणक गरीब समजून पेट्रोल वाढवतो. गाडी प्रत्यक्षात श्रीमंत चालत असते. थंड इंजिन चालू करून हाताचा तळवा जॉइंटजवळ धरा, फुसफुस लागते.

पी०३०० च्या घरातला मिसिंगचा कोड असेल तर कॉइल अदलाबदल करा. पी०३०२ आला असेल तर दुसऱ्याची कॉइल चौथ्यावर, चौथ्याची दुसऱ्यावर. कोड पी०३०४ झाला तर कॉइल खराब. दुसऱ्यावरच राहिला तर तसाच प्लग बदलून बघा, मग इंजेक्टर. सगळ्यात शेवटी कॉम्प्रेशन. मात्र मिसिंग करणारी गाडी लांब चालवू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि तो आतून वितळतो.

अशोकचौक_व्हीटेक

काका, २००१ ची दीड लिटर होंडा व्हीटेक आहे. सोळा पिनचा सॉकेट सापडतच नाही. मग स्कॅनरचा उपयोग नाहीच का?

टेस्टलॅम्प_काका

स्कॅनरशिवाय होतं की. होंडाच्या त्या काळच्या गाड्यांत डॅशबोर्डखाली, बहुतेक पॅसेंजरच्या पायाशी, दोन तारांचा कपलर मोकळा लटकत असतो, कशालाच न जोडलेला. चावी बंद ठेवून त्या दोन पिना एका छोट्या तारेने जोडा. मग चावी ऑन करा, सेल्फ मारायचा नाही. चेक लाइट लुकलुकतो. लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. दोन लांब आणि एक छोटी म्हणजे २१. शेजारी तीन पिनचा कपलर असेल तर तो जोडू नका, तो वेगळ्या कामाचा आहे.

महत्त्वाचे कोड: १ ऑक्सिजन सेन्सर, ३ एमएपी, ४ क्रँक सेन्सर, ६ पाण्याचं तापमान, ७ थ्रॉटल, ८ टीडीसी (पिस्टन वर पोहोचल्याचा सेन्सर), १० आत येणाऱ्या हवेचं तापमान, १४ आयडल व्हॉल्व्ह, २१ व्हीटेक (वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी यंत्रणा) सोलेनॉइड, २२ व्हीटेकचा ऑइल प्रेशर स्विच.

२१ किंवा २२ आला तर सोलेनॉइड मागवण्याआधी ऑइलची डिपस्टिक बघा. लेव्हल कमी असली की व्हीटेकला दाब मिळत नाही आणि संगणक तक्रार करतो. त्यानंतर सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मोजा, १४ ते ३० ओहमच्या मधे हवा. तो ठीक असेल तर सोलेनॉइड खोलून खालची जाळी बघा, काळ्या गाळाने बुजलेली असते. जाळी साफ करून नवीन गॅस्केट लावा, जुनी पुन्हा लावली तर तिथून ऑइल पाझरतं.

कोड पुसायला बॅक-अपचा फ्यूज दहा-पंधरा सेकंद काढायचा. घड्याळ आणि स्टिरिओची मेमरी जाईल, स्टिरिओला कोड असेल तर आधी शोधून ठेवा. जुन्या टोयोटात हेच काम टीई१ आणि ई१ या दोन पिना जोडून होतं. पिनचं नाव झाकणाच्या आत छापलेलं असतं, ते न वाचता जोडू नका.

घरकुल_गॅरेज

गरम गाडी बंद पडते आणि थंड झाल्याशिवाय चालू होत नाही, ही मे महिन्यातली नेहमीची तक्रार. स्कॅनर यात फार कामाचा. गाडी बंद पडली त्याच वेळी, थंड होण्याआधी, स्कॅनर लावा, लाइव्ह डेटामध्ये आरपीएम काढा आणि सेल्फ मारा. सेल्फवर १५० ते २५० आरपीएम दिसायला हवा. सेल्फ फिरतोय आणि स्क्रीनवर शून्य, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची तार. ओला कपडा सेन्सरवर ठेवून थंड करा. मग लगेच चालू झाली तर सेन्सरच. बऱ्याचदा कोड पडतच नाही, म्हणून "कोड नाही, म्हणजे इलेक्ट्रिकल दोष नाही" असं समजू नका.

आरपीएम दिसतोय तरी चालू होत नाही, तर पेट्रोलचा दाब. रेग्युलेटरवर ३ बार छापलेलं असेल तर स्लो स्पीडला व्हॅक्यूम होज लावलेला असताना साधारण अडीच, होज काढला की तीन. गाडी बंद केल्यावर दाब दहा मिनिटांत खाली आला तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर. आणि त्या व्हॅक्यूम होजमध्ये पेट्रोलचा वास आला तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय, ताबडतोब बदला.

तापमान सेन्सर तपासायला सकाळी गाडी चालू करण्याआधी चावी ऑन करा. रात्रभर उभ्या गाडीत पाण्याचं आणि हवेचं तापमान जवळजवळ सारखं हवं, तीन-चार अंशांचा फरक चालतो. बाहेर २७ आणि पाण्याचा सेन्सर उणे ४० दाखवत असेल तर सर्किट तुटलेलं, १४० च्या आसपास असेल तर शॉर्ट. पाण्याचा सेन्सर ५ दाखवत असेल तर कोड पडणार नाही, पण गाडी कायम जास्त पेट्रोल पीत राहील.

पीयूसी काढताना नुसतं स्टिकर घेऊन येऊ नका, मशीनवरचे आकडे बघा. सीओ जास्त म्हणजे श्रीमंत. सीओ कमी पण एचसी जास्त म्हणजे मिसिंग किंवा इतकं गरीब की पेट नीट घेत नाही. स्कॅनरने सांगितलेलं खरं आहे का, याची ती स्वस्त खात्री.

के_लाइन

एअरबॅग आणि एबीएसचे दिवे साध्या डोंगलने वाचता येत नाहीत, तो फक्त इंजिन वाचतो. "सगळं ओके" दाखवतो आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा तसाच. सीटखालचे पिवळे कपलर चावी ऑन असताना कधीही काढू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढून किमान दहा मिनिटं थांबा, मगच हात लावा. चावी ऑन असताना काढलात तर नवा कोड पडतो आणि तो पुसायला एअरबॅग वाचणारंच यंत्र लागतं.

जुळे_सोलापूर_टर्बो

स्टिरिओची तार वेगळी केल्यावर केबल जोडली गेली. आकडे: ०३२ मध्ये पहिला ९.४, दुसरा ७.८. चावी ऑन, इंजिन बंद असताना ११५ मध्ये ९६०. चालवताना मागितलेला आणि मिळालेला यात २५० चा फरक. ००३ मध्ये जास्तीत जास्त ८८ ग्रॅम.

साखरपेठकर

उत्तम आकडे काढलेत. दाबाचा सेन्सर बरोबर आहे, ९६० म्हणजे सोलापूरचाच आकडा. दुसऱ्या रकान्यातल्या ७.८ पैकी बहुतेक ई-२० चा भाग. पहिल्याचा ९.४ मात्र हवा शिरतेय असं सांगतो. बूस्ट २५० ने मागे आहे, त्यामुळे ८८ ग्रॅम ही खरीच मोजणी असण्याची शक्यता जास्त. एअर मास सेन्सर मागवू नका.

आता हवेचा दाब देऊन तपासा. एअर फिल्टरनंतरच्या रबरी पाइपचं तोंड मोजा, प्लंबिंगच्या दुकानातून त्या मापाची पीव्हीसी एंड कॅप आणा, ६३ किंवा ७५ मिलिमीटरची जवळपास बसते. कॅपला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. पाइपच्या तोंडात कॅप घालून होज क्लिप आवळा. इंजिन बंद आणि थंड. कंप्रेसरचा रेग्युलेटर ०.३ बारपासून सुरू करा, ०.५ च्या पुढे अजिबात जाऊ नका, नाहीतर क्रँकचे सील आणि डिपस्टिकची नळी उडते. साबणाचं पाणी फवारत जा.

या इंजिनमध्ये क्रमाने इथे बघा: इनटेक मॅनिफोल्डखालचे पीसीव्हीचे (क्रँककेसमधली वाफ परत आत नेणारे) होज, ते ऑइलने मऊ होऊन चिरतात आणि वरून दिसत नाहीत, आरसा आणि टॉर्च लागतो. त्यांच्या वाटेवरचा एकेरी व्हॉल्व्ह, फुंकून बघा, एकाच बाजूने हवा जायला हवी. ब्रेक बूस्टरचा होज. डिपस्टिकचं केशरी नरसाळं. मग बूस्टच्या बाजूला डायव्हर्टर व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटर सोडल्यावर जास्तीचा दाब वळवणारा). तो काढून दांडा आत दाबा, वरच्या नळीच्या तोंडावर बोट घट्ट धरून दांडा सोडा. आत धरून राहिला तर पडदा ठीक, लगेच बाहेर आला तर फाटलाय. शेवटी इंटरकूलरचे दोन्ही जोड आणि एन७५ व्हॉल्व्हला (बूस्टवर ताबा ठेवणारा) जाणाऱ्या बारीक नळ्या. या नळ्या बदलायच्याच असतील तर कापडी वेष्टनाच्या घ्या, साध्या सिलिकॉनच्या पातळ नळ्या पोकळीत चपट्या होतात.

कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची पद्धत टर्बो गाडीवर वापरू नका. लाल झालेल्या टर्बोवर तो पेटतो.

मोहोळ_फाटा

आणि काम झाल्यावर कोड पुसून लगेच "झालं" म्हणू नका. पुसल्यावर ट्रिमही शून्यावर येतात, त्या पुन्हा खऱ्या आकड्यावर यायला वेगवेगळ्या वेगात पाऊण तास तरी चालवा, मग ०३२ पुन्हा वाचा.

जुळे_सोलापूर_टर्बो

मॅनिफोल्डखालचा एक होज चिरलेला आणि डायव्हर्टरचा पडदा फाटलेला, दोन्ही सापडले. बॅटरी काढून काम करतोय. बॅटरी परत लावल्यावर काही करावं लागतं का?

के_लाइन

हो. तुमचा थ्रॉटल तारेचा नाही, इलेक्ट्रॉनिक आहे, त्याला त्याच्या बंद आणि उघड्या जागा पुन्हा शिकवाव्या लागतात. चावी ऑन, इंजिन बंद, ॲक्सिलरेटरवर पाय नको. इंजिनमध्ये बेसिक सेटिंग, ग्रुप ०६०. थ्रॉटलचा खरखर आवाज येईल, शेवटच्या रकान्यात "एडीपी ओके" दिसेपर्यंत थांबा. "एरर" आलं तर आधी थ्रॉटल बॉडी साफ करा आणि बॅटरीचं व्होल्टेज बघा, १२ च्या खाली असेल तर शिकवणं अर्धवट सोडतं.

लॅपटॉप लावून चावी ऑन ठेवून बराच वेळ बसणार असाल तर बॅटरीला चार्जर जोडूनच ठेवा. व्होल्टेज खाली आलं की एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग सगळेच खोटे कोड टाकायला लागतात आणि मग खरा कोणता ते निवडत बसावं लागतं. तसे पडलेच तर चार्जर लावून सगळे एकदा पुसा, पंधरा मिनिटं चालवा, परत येतील तेवढेच खरे.